नवव्या खोक्याचा माग

तासातून दोनदा ते गप्प बसत. मोठा काटा तीनवर आला की तीन मिनिटं, नऊवर आला की पुन्हा तीन मिनिटं. बोलणं अर्धं राहिलेलं असो, घास हातात असो, समोर कोणीही असो. उजव्या हाताचा पंजा किंचित वर करायचा, मान डावीकडे कलती करायची आणि ऐकत राहायचं. तीन मिनिटं झाली की जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागायचे.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा आले तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, हंगामी. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे. पांढरी दाढी नीट कातरलेली, पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत जुनी ब्रीफकेस. "बाय, थोडा बर्फ नि मीठ मिळंल काय? मला एक वस्तू गारठवायची आहे," असं म्हणाले आणि पुढे काही सांगणार तेवढ्यात हात वर करून थांबले. मला वाटलं, यांना चक्कर येते आहे. मी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत. तीन मिनिटांनी म्हणाले, "वस्तू म्हणजे ही," आणि ब्रीफकेसमधून गव्हाच्या दाण्याएवढा यंत्राचा एक सुटा भाग काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

चौतीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. समुद्रावरच्या सगळ्या रेडिओ खोल्यांना एक नियम असायचा, तो त्यांनीच मला पुढे सांगितला. तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं, कोणी काही पाठवायचं नाही. नुसतं ऐकायचं. कोणाचं यंत्र दुबळं असेल, कोणी लांबून मदत मागत असेल, तर त्याचा आवाज इतरांच्या गर्दीत बुडू नये म्हणून. खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर तेवढे भाग तांबडे रंगवलेले असत. नव्व्याण्णव साली जहाजांवरून टिंब-रेघांचं मोर्स गेलं, उपग्रह आले, आणि त्यांच्यासारख्यांची नोकरीही गेली. ते रत्नागिरीला घरी आले. नियम मात्र त्यांच्या अंगात राहून गेला.

मासळीबाजारात त्यांच्यापुढे पापलेट धरून बसलेली बाई मागच्या गिऱ्हाइकाला सांगायची, "थांबा गो जरा, चाचा ऐकतायत." त्यांच्या बायकोला आम्ही सगळे चाची म्हणायचो. चाचींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या नेहमी जरा मोठ्याने बोलत. त्या सांगायच्या, "निकाहच्या वेळी काझींनी यांना कबूल आहे का म्हणून विचारलं, तेव्हा बरोबर पावणेबारा झाले होते. हे गप्प. सगळी मजलिस गप्प. माझ्या बापाला वाटलं, नवरा फिरला." हे सांगताना चाची हसत. ते हसत नसत. "ड्युटी ती ड्युटी," एवढंच म्हणत.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा ते चार ओळींच्या बातमीत, तेही चुकीचं, छापून आलं होतं, तेवढं पुरे. ती हकिगत पुढे येईल.

तर तो गव्हाएवढा भाग. थंडी वाढली की त्याच्यातून वीज कमी-कमी जाते. त्याला एक इवलासा ट्रान्समीटर जोडला की तो टिक-टिक करत राही. जितकी थंडी जास्त तितकी टिकटिक सावकाश. हे सगळं त्यांना थर्मोकोलच्या खोक्यात घालून रबरी फुग्याला बांधायचं होतं आणि आभाळात सोडायचं होतं, ढगांच्याही वर, जिथे दिवसाढवळ्या आभाळ काळं दिसतं तिथे. खोक्यात एक साधा कॅमेराही असणार होता, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा. वर गेल्यावर फुगा फुगत-फुगत फुटतो, खोका पॅराशूटने खाली येतो, आणि त्याच्या टिकटिकीचा माग काढत तो शोधून आणायचा. पॅराशूट चाचींनी छत्रीच्या कापडाचं शिवलं होतं.

"सोडायला काय, कोणीही सोडील," ते म्हणायचे. "आणणं हे काम."

त्यांनी कलेक्टर कचेरीपासून विमानतळापर्यंत सगळीकडे अर्ज करून परवानग्या आणल्या. आमच्या प्राचार्यांनाही तेव्हा कौतुक वाटलं. कॉलेजचा विज्ञान मंडळाचा उपक्रम म्हणून पत्र मिळालं, आणि मी त्यांच्या हाताखाली आले. त्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी बसून मी मोर्स शिकले, हौशी रेडिओची परीक्षा दिली, परवाना काढला. मी चुकले की ते कधी रागावले नाहीत. फक्त म्हणत, "पुन्हा पाठव. समोरच्याला वाटलं पाहिजे, कोणीतरी ऐकतंय."

फुगा फक्त हिवाळ्यात सोडायचा. पावसाळ्यात उंचावरचा वारा समुद्राकडे नेतो, हिवाळ्यात घाटाकडे. शहराबाहेरच्या सड्यावर, काळ्या कातळावर, सकाळी आठच्या सुमारास आम्ही जमायचो. फुगा सुटला की विद्यार्थी टाळ्या वाजवत माना वर करून पाहत राहत. ते एकटे पाठमोरे. कानाला हेडफोन, हातात माशाच्या काट्यासारखा, आडव्या काड्यांचा अँटेना. त्यांनी सोडलेला फुगा वर जाताना त्यांनी स्वतः कधी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

अँटेना चारी बाजूंना फिरवायचा. टिकटिक जिकडे सगळ्यात मोठी येईल ती दिशा नकाशावर रेघ मारून घ्यायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेघ. जिथे दोन्ही रेघा एकमेकींना छेदतील तिथे खोका. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तिथे दरी असायची, नाहीतर करवंदीची जाळी. एक खोका लांज्याजवळ हापूसच्या शेंड्यात अडकला होता. एक राजापूरच्या बाजूला काजूच्या बागेत मिळाला. एक विहिरीत पडला. एक शाळेच्या छपरावर उतरला होता, आणि तिथल्या गुरुजींनी तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

प्रत्येक खोक्यावर ठळक अक्षरांत मजकूर असे: "घाबरू नका. आत हवामानाची यंत्रं आहेत. सापडल्यास या नंबरवर कळवा. आम्ही येऊ." नंबर प्रयोगशाळेचा होता. आम्ही दोघं रानात असणार आणि चाचींना फोन ऐकू येणार नाही, म्हणून. 'आम्ही येऊ'च्या खाली ते स्वतः रेघ ओढत.

खोका ज्याला सापडला त्याचं नाव वहीत लिहायचं. आधी नाव, मग गाव, मग वेळ, मग तो काय म्हणाला ते. विहिरीतून खोका काढून देणाऱ्या गड्याने विचारलं, "माझं नाव कशाला?" ते म्हणाले, "नावाशिवाय मी वहीत कायच लिहीत नाही." पुढे फोटो धुऊन आले की त्यातली एक प्रत त्या नावावर पोस्टाने जायची.

हा नावाचा आग्रह कुठून आला ते मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. आम्ही लांज्याहून एसटीने परत येत होतो. गोणपाटात गुंडाळलेला अँटेना त्यांच्या पायांशी होता. कंडक्टरने त्याला मासे धरायचं काहीतरी समजून नाकाला रुमाल लावला होता. मी सहज विचारलं, "चाचा, जहाजावर कधी कोणी मदत मागितली होती?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खूपदा. बहुतेक वेळा कोणीतरी पोचायचं. एकदा मात्र मला कळलं नाही." मग थांबत-थांबत सांगितलं. अरबी समुद्रात, खवळलेल्या दिवसांत, एका लाकडी गलबतावरून आवाज आला. मोर्स नाही, माणसाचा आवाज, आणि आपल्याच किनाऱ्याची भाषा. पाणी शिरतंय, सहा माणसं आहोत. यांनी गलबताचं ठिकाण विचारून घेतलं, कप्तानाला सांगितलं, सगळीकडे कळवलं. दुसरं एक जहाज जास्त जवळ होतं, ते निघालं असं उत्तर आलं. यांचं जहाज वळलं नाही. "कप्तान चुकला असं मी म्हणणार नाही. जवळचा असेल त्याने जायचं, हाच कायदा. पण ते दुसरं जहाज पोचलं की नाही, ते मला कोणी सांगितलं नाही. नंतर बंदराबंदरात विचारलं. लोक म्हणायचे, गलबताचं नाव काय? मी ठिकाण विचारलं होतं गो. नाव विचारायचं राहिलं."

मग खाली वाकून त्यांनी पायांशी सुटत आलेलं गोणपाट पुन्हा बांधलं.

नववा खोका तिसऱ्या हिवाळ्यात गेला. फुगा नेहमीसारखा चढला, टिकटिक सावकाश होत गेली, फुगा फुटला. खोका खाली येऊ लागला आणि अर्ध्या वाटेवर, घाटाच्या वर कुठेतरी, टिकटिक बंद पडली. एकच रेघ मिळाली होती, सड्यावरून ईशान्येकडे जाणारी. दुसरी मिळालीच नाही.

त्यांचा हिशोब असा होता की खालचा वारा उत्तरेकडचा, म्हणून खोका रेघेच्या दक्षिणेला सरकला असणार. त्यांनी त्या बाजूचे डोंगर धरले. दर रविवारी एसटीने जायचं, एखादी दरी पायाखाली घालायची, नकाशावर तेवढा भाग पेन्सिलीने भरायचा. अँटेनाही बरोबर न्यायचे. बॅटरी केव्हाच संपली असेल असं मी म्हटलं, तर म्हणाले, "असंल. पण आपण ऐकायचं थांबवलं, तर ती संपली हे तरी कसं कळणार?"

अशाच एका रविवारी डोंगराच्या धारेवर कोणीतरी त्यांना पाहिलं. दाढीवाला परका माणूस, कानाला हेडफोन, हातात कसलंसं यंत्र, मांडीवर नकाशा. खबर गेली. त्या दिवशी मी बरोबर नव्हते. त्यांना चौकीत नेलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवलं, कागद तपासले, सगळे परवाने जागेवर होते, चहा पाजला आणि सोडलं. "माणसं चांगली होती, त्यांचं काम त्यांनी केलं," ते एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. संशयास्पद वायरलेस यंत्रासह एक इसम ताब्यात. नावानिशी, आणि नावही चुकीचं लिहिलेलं, तरी ओळखू येईल असं. सोडल्याची बातमी आली नाही.

त्यानंतर मासळीबाजारात ते थांबले तरी कोणी "चाचा ऐकतायत" म्हणेना. लोक तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत.

चौकशीसाठी दोन माणसं कॉलेजातही येऊन गेली. ती गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं. ते दुष्ट नव्हते, घाबरले होते. "हे मंडळ आता बंद. त्या खोक्याचं कोणी काही विचारलं, फोनबिन आला, तर आपला संबंध नाही म्हणायचं. तुमची कायम होण्याची फाइल माझ्या टेबलावर आहे, हे मी वेगळं सांगायला नको."

आठवडाभरात फोन आला.

परीक्षांचे दिवस होते, दुपार होती, प्रयोगशाळेत मी एकटी होते. खरखरीतून एका बाईचा आवाज, फोनची सवय नसलेलं माणूस बोलतं तसा ओरडून. "खोका गावलाय. पोफळीच्या वर, आमच्या वाडीवर. त्येच्यावर ह्यो नंबर लिवलाय."

मी म्हटलं, "राँग नंबर."

काही दिवसांनी पुन्हा तोच आवाज आला. "त्ये खोक्याचं…" मी काही न बोलता रिसीव्हर ठेवला. तिसऱ्यांदा शिपायाने उचलला आणि म्हणाला, "बाई, कोणतरी खोका-खोका करतंय." मी म्हटलं, "ठेवून दे."

तरी शनिवारी मी त्यांच्या घरी जात होते. ते नकाशा पसरायचे, भरलेला भाग दाखवायचे. पोफळी त्या नकाशावर रेघेच्या उत्तरेला होती, तिथे पेन्सिल लागलेली नव्हती. मी बोट ठेवून सांगू शकले असते. मी चहा प्यायले आणि घरी आले. एकदा नाही, सात महिने. जूनमध्ये माझी कायम झाल्याची ऑर्डर आली, तेव्हा चाचींनी फणसाच्या रसाची सांदणं केली आणि त्यांनी मला एक पेन दिलं. ते पेन मी कधी वापरलं नाही.

ऑक्टोबरात, पावसाचं शेवाळ अजून वाळलं नव्हतं तेव्हा, ते एका घसरणीवरून पडले. डावं मनगट मोडलं. ज्या दरीत खोका नाही हे मला माहीत होतं, त्या दरीत पडले.

मी बघायला गेले. ते खाटेवर बसले होते, हात प्लास्टरमध्ये, मांडीवर नकाशा. चाची आत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. फोन, तीन वेळा, पोफळीच्या वर, प्राचार्य, फाइल, सगळं.

ते गप्प बसले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. त्यांची गप्प बसायची वेळ नव्हती ती.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाईचा आवाज?"

"हो."

"नाव काय म्हणाली?"

"विचारलं नाही मी."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी जे काही ऐकायला तयार होऊन आले होते त्यातलं काहीच ते बोलले नाहीत. म्हणाले, "मी पण नव्हतं विचारलं." मग नकाशाची घडी घालायला लागले. एका हाताने ती नीट होईना. मी पुढे होऊन घातली. "उद्या पहिल्या गाडीने," ते म्हणाले. "तू आलीस तर बरं. आवाज तू ओळखशील."

चिपळूणला गाडी बदलून आम्ही पोफळीला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. स्टॉपजवळच्या एसटीडी बूथवाल्याला विचारलं. त्याला लगेच आठवलं. "वरच्या धनगरवाड्यावरची म्हातारी. तीनदा आली होती. तिसऱ्या खेपेला पलीकडून ठेवला तरी फोन कानाला धरून उभी होती. मी म्हटलं, आजी, कट झाला. तर म्हणते, येतील बोलायला, थांब."

मी खाली बघत होते. चाचा बूथवाल्याला विचारत होते, "नाव?" त्याने सांगितलं. त्यांनी खिशातली वही माझ्याकडे दिली. नाव मी लिहिलं.

चढ साडेतीन तासांचा होता. त्यांचं वय त्रेसष्ट, एक हात गळ्यात. जागोजागी बसावं लागलं. मी दोनदा म्हटलं, तुम्ही इथे थांबा, मी जाऊन आणते. ते उठून चालायला लागले.

वाडी म्हणजे सात घरं. कुडाच्या भिंती, पुढे शेळ्या, मागे रान. ती म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. म्हातारी म्हणजे साठीची असेल, काटक, कपाळावर गोंदण. आम्ही कोण ते चाचांनी सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, घरात गेली आणि शिंक्यावरून खोका उतरवून आणला. उंदीर-मांजर लागू नये म्हणून तिने तो टांगून ठेवला होता. पॅराशूट घडी करून आत ठेवलेलं. घराचं छप्पर दोन ठिकाणी गळकं होतं, खाली पातेली मांडलेली दिसत होती, पण ते छत्रीचं कापड तिने वापरलं नव्हतं.

"दुसऱ्याची वस्तू," ती म्हणाली. मग खोक्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय, आमी येऊ. माज्या नातीनं वाचून दावलं. मी तीन डाव खाली गेले. शेरडं सोडून गेले. कोन आलं न्हाई. येयाचं नसंल तर मानसानं लिवू नये."

माझ्या मनगटावरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. चूक आमची झाली. तुम्ही हाक मारलीत, आम्ही आलो नाही. मला माफ करा." ते तिच्याशी बोलत राहिले. दोन वाजून अठरा मिनिटं झाली, वीस झाली. त्या अख्ख्या ओळखीत त्यांनी त्या तीन मिनिटांत तोंड उघडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"यांची चूक नाही," मी म्हटलं. "फोन मी घेतला होता."

तिने माझ्याकडे बघितलं. "राँग लंबर म्हनाली, ती तू व्हय?"

"हो."

"आवाज वळखला मी, बोलल्या-बोलल्या." एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिला.

जेवण झाल्यावर चाचांनी तिला विचारलं, "इथून खाली काही कळवायचं तर कसं कळवता?"

"मानूस धाडायचा."

"आणि कोणी आजारी असेल तर?"

"डोलीत घालून न्यायाचा. माज्या घरधन्याला नेत होतो. निम्म्या वाटंवर ऱ्हायला." तिने हे नाचणी किती झाली हे सांगावं तसं सांगितलं.

चाचा उठले, घरामागच्या खडकावर जाऊन उभे राहिले आणि खाली दरीकडे बघत राहिले. त्या खडकावरून खालचा टेलिफोनचा टॉवर दिसतो, उतरताना ते एवढंच म्हणाले.

कॅमेऱ्यातली फिल्म ओलीने गेली होती. छत्तीसपैकी तीन फोटो कसेबसे आले. त्यातल्या एकात खाली किनाऱ्याची पांढरी रेघ, मध्ये तांबूस-हिरवा पट्टा, कडेला डोंगरांच्या सुरकुत्या आणि वर काळंशार आभाळ. तो फोटो पोस्टाने पाठवायचा नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. हात बरा झाल्यावर आम्ही पुन्हा वर गेलो. म्हातारीने तो उजेडात धरला. "ह्यात माजं घर कुटं?"

त्यांनी सुईच्या टोकाने एक जागा दाखवली.

"दिसत न्हाई."

"दिसत नाही. पण आहे," ते म्हणाले.

त्याआधी मी एक गोष्ट केली होती. त्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हा प्रयोग कॉलेजच्या मंडळाचा होता, सगळ्या परवानग्या होत्या, खोका सापडला आहे, आणि ज्यांचं नाव तुम्ही चुकीचं छापलंत त्यांच्या हाताखाली मी शिकले आहे. खाली माझं नाव, हुद्दा. पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात कोपऱ्यात आलं. प्राचार्य महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. चाचांनी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि बाजूला तारीख-वेळ लिहिली. माझ्याशी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. पण त्या शनिवारी मी निघताना ते दारापर्यंत आले, नेहमी येत नसत.

त्यानंतर त्यांनी फुगे सोडले नाहीत. त्यांचे अर्ज सुरू झाले. त्या सुमारास तारेशिवाय चालणारे टेलिफोन खेडोपाडी द्यायला सुरुवात झाली होती. वाडीवर असा एक फोन हवा, म्हणून त्यांनी दोन वर्षं अर्ज केले. तिथे सिग्नल पोचत नाही, असं उत्तर यायचं. शेवटी एका तरुण इंजिनिअरला ते हाताला धरून वर घेऊन गेले, त्या खडकावर उभं केलं आणि आपला माशाचा काटा फिरवून दाखवलं. इंजिनिअरने हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, येतोय की." खडकावर खांब उभा राहिला, त्याला अँटेना, आणि तिथून वायर म्हातारीच्या घरात. पहिल्या महिन्यात तिच्या नातीने आम्हाला रोज फोन केला, उगीचच. त्याच वर्षी पावसाळ्यात एका बाळंतिणीसाठी खालून माणसं वेळेत निघाली, अर्ध्या वाटेवर भेटली. बाळ आणि आई दोघं वाचली. चाचांनी हे वहीत लिहिलं. आधी नाव, मग वेळ. बाळाचं नाव ठेवलं नव्हतं, म्हणून ती जागा मोकळी सोडली आणि बारशानंतर फोन करून भरली.

ते गेले तेव्हा जानेवारी होता. सकाळी नमाजानंतर जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. मला कळल्यावर मी आधी त्यांच्या घरी गेले आणि तिथूनच वाडीवर फोन लावला. म्हातारीने स्वतः उचलला. मी सांगितलं.

"कवा?" तिने विचारलं.

"सकाळी."

"निगतो आमी."

दुपारी दफन झालं. ती दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोचली, मुलाला बरोबर घेऊन. रात्र पोफळीच्या स्टॉपवर काढली होती. घरात बायका बसल्या होत्या. ती दारातच उभी राहिली, कोणाकडे जायचं ते तिला कळेना. चाचींनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण उठल्या, हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं. एकीला नीट ऐकू यायचं नाही, दुसरीची बोली शहरात कोणाला धड कळायची नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, हात हातात.

जेवणं झाल्यावर म्हातारी मला म्हणाली, "त्यो फोटूत हाय त्यो समुद्र हितनं किती लांब?" तिने साठ वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. मी चाचींकडे पाहिलं. विधवेने पाळायचे इद्दतीचे दिवस, त्यांनी बाहेर पडायचं नव्हतं. चाची म्हणाल्या, "गच्चीवरून दिसतो. चला, मी दाखवते."

आम्ही तिघी जिना चढलो. दुपारच्या उन्हात समुद्र चांदीसारखा पसरला होता, दूर दोन होड्या. म्हातारी कठड्याला धरून खूप वेळ बघत राहिली. मग तिने चाचींच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "येवढ्या पान्यात जहाजावर चाचांशी बोलायचं कोन?"

चाचींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "माणसं."

म्हातारीने मान हलवली. पदर डोक्यावर सारखा केला, समुद्राकडे बघून हात जोडले, आणि चाचींना जिना उतरायला आधार दिला.